माचा : विहारातून स्वयंपाकघरात आलेला हिरवा चहा

(विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त झालेल्या व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



समितीने आम्हाला विषय विचारला तेव्हा आम्ही 'माचा' असे सांगितले. दोघे-तिघे हसले. म्हणाले, दादा, दरवर्षी तुम्ही संप, कायदे, खासगीकरण यावर बोलता, यंदा चहावर काय बोलणार? पण मंडळी, नागपूर भागात जपान आपल्याला परका राहिलेला नाही. भन्ते सुरई ससाई आयुष्यभर इथेच राहिले, आपले झाले. कामठीला १९९९ साली ड्रॅगन पॅलेस उभे राहिले ते जपानी उपासिकेच्या दानातून. जपानी पाहुणे येतात, जाताना काहीतरी भेट ठेवून जातात. तशीच एक चिमुकली डबी आपल्या विहारात आली. उघडून पाहिली तर आत हिरवीगार, मऊ पूड. एक आजी म्हणाल्या, ही तर मेंदी दिसते बाप्पा. कोणी म्हणाले औषध असेल. महिला मंडळाने विचारले, ही उकळायची, खायची की नुसती ठेवून द्यायची? प्रश्न साधा होता. उत्तर शोधायला बसलो तर तीन महिने गेले. वाचनालय झाले, मुलीच्या मोबाइलवर इंग्रजी वाचून घेणे झाले, आणि या पुडीत आपल्या कामाचे पुष्कळ सापडले. ते सांगायला आम्ही उभे आहोत.

पहिल्यांदा नाव. आपल्याकडे माचा म्हटलं की शेतातलं राखणीचं मचाण आठवतं. त्याचा याच्याशी संबंध नाही. जपानी भाषेत 'मा' म्हणजे दळलेले, चुरलेले, आणि 'चा' म्हणजे चहा. आपला 'चहा' आणि त्यांचा 'चा' दोन्ही चिनी भाषेतून आले. तेव्हा माचा म्हणजे दळलेला चहा, एवढा साधा अर्थ आहे. झाडही वेगळे नाही. आसामचा काळा चहा, चीनचा हिरवा चहा आणि हा माचा, सगळे एकाच जातीच्या झाडाचे. फरक पडतो तो मळ्यातल्या आणि कारखान्यातल्या कामामुळे, आणि ते काम कामगार म्हणून आम्हाला फार आवडले, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

वसंतात झाडाला नवी पालवी फुटायला लागली की मळ्यावर मांडव घालतात. पूर्वी बोरूच्या चटया आणि भाताचा पेंढा टाकत, आता बहुतेक ठिकाणी काळ्या जाळ्या असतात. वीस दिवस, काही ठिकाणी त्याहून जास्त, झाड सावलीत ठेवायचे. क्योतोजवळ उजी म्हणून गाव आहे, तिथे सोळाव्या शतकापासून ही रीत आहे. सावलीने काय होते? चहाच्या झाडात थिएनिन नावाचे एक द्रव्य मुळाशी तयार होऊन पानात येते, त्याला गोडसर, भरलेली चव असते. ऊन लागले की त्याचे रूपांतर तुरट द्रव्यात होते, त्याला कॅटेचिन म्हणतात. ऊन अडवले की थिएनिन टिकते, तुरटपणा कमी राहतो, आणि कमी उजेडात जगायचे म्हणून पान आपले हरितद्रव्य वाढवते. तो मेंदीसारखा रंग त्यातून येतो. शेतकऱ्यांना हे रसायन माहीत नव्हते. थिएनिन जपानी शास्त्रज्ञांनी ओळखले ते १९४९ साली. त्याआधी तीन-साडेतीनशे वर्षे मांडव घातलेच जात होते. शहाणपण आधी हाताला येते, पुस्तकात मागाहून जाते, हे आम्ही गिरणीतही पाहिले आहे.

मे महिन्यात कोवळे पान खुडतात. खुडले की लगेच वाफ देतात, नाहीतर पान काळे पडते. साधा हिरवा चहा पुढे वळतात, माचाचे पान वळत नाहीत, सरळ वाळवतात. मग देठ आणि शिरा काढून टाकतात आणि नुसते पानाचे तुकडे ठेवतात, त्यांना तेन्चा म्हणतात. हा तेन्चा ग्रॅनाइटच्या जात्यावर दळला की माचा झाला. आता गंमत पाहा, ते जाते ताशी सुमारे चाळीस ग्रॅम पूड देते. आठ तासांच्या पाळीत सव्वातीनशे ग्रॅम. आमच्या सूतगिरणीच्या मॅनेजरला हा आकडा सांगितला तर त्याला घाम फुटेल. पण जाते जोरात फिरवले तर दगड तापतो, आणि उष्णतेने रंगही जातो, वासही जातो. शिवाय दळायच्या खोलीत हवेचा ओलावा सांभाळावा लागतो. आमच्या रिंग खात्यातही ओलावा बिघडला की धागा तुटतो, म्हणून हे आम्हाला चटकन समजले. आज मोठ्या कारखान्यांत यंत्रावरही दळतात, पुष्कळ माल तसाच निघतो, आणि स्वयंपाकाला तो चालतो.

आता ही पूड भिक्खूंशी कशी जोडली ते पाहू. पूड करून गरम पाण्यात घुसळून चहा पिण्याची पद्धत मुळात चीनची, सुंग राजवटीच्या काळातली. तिथल्या ध्यानपंथी विहारांत चहाला नियमांत जागा होती. ११०३ साली तयार झालेल्या विहारनियमांच्या एका ग्रंथात, पाहुण्याला चहा कसा द्यावा, कोणी कुठे बसावे, हे सगळे लिहून ठेवले आहे. तिथे शिकायला गेलेला एइसाई नावाचा जपानी भिक्खू ११९१ साली परत आला. सोबत झेन पंथाची शिकवण आणि चहाचे बी घेऊन आला असे सांगतात. त्यातले काही बी त्याने क्योतोच्या कोझान-जी विहारातल्या म्योए या भिक्खूला दिले आणि तिथून लागवड उजीकडे गेली, अशी परंपरा आहे. १२११ साली एइसाईने चहावर एक पुस्तक लिहिले, 'किस्सा योजोकी'. १२१४ मध्ये शोगुन म्हणजे लष्करशहा सानेतोमो रात्री दारू पिऊन सकाळी डोके धरून बसला होता, तेव्हा एइसाईने त्याला चहा पाजला आणि पुस्तकही दिले, ही नोंद तिथल्या बखरीत आहे. एइसाई म्हणतो, कडू चव हृदयाला मानवते. आजचे वैद्यकशास्त्र असे मानत नाही. त्या काळच्या समजुतीप्रमाणे त्याने लिहिले, एवढेच.

भिक्खूंना चहा हवा होता जागे राहायला. रात्री ध्यानाला बसले की झोप येते, आम्हाला तिसऱ्या पाळीत पहाटे तीनला येते तशी. यावरही एक दंतकथा आहे. आपल्या दक्षिणेतून चीनमध्ये गेलेल्या बोधिधर्माने झोप आली म्हणून रागाने पापण्या कापून फेकल्या आणि त्या पडल्या तिथे चहाचे झाड उगवले. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसाने हे ऐकावे, हसावे आणि सोडून द्यावे. झोप उडते ती कॅफीनने. माचात पान गाळून टाकत नाहीत, सगळेच पोटात जाते, त्यामुळे दोन ग्रॅम पुडीत साठेक मिलिग्रॅम कॅफीन येते.

पुढे चीनमध्ये १३९१ साली मिंग घराण्याच्या पहिल्या सम्राटाने दरबारात दाबलेल्या वड्यांचा चहा आणणे बंद केले. लोक सुटे पान पाण्यात टाकून प्यायला लागले आणि घुसळायची रीत तिथे हळूहळू संपली. जपानी विहारांनी ती धरून ठेवली. म्हणजे जी वस्तू आज 'अस्सल जपानी' म्हणून विकली जाते ती चीनमधून भिक्खूंच्या झोळीतून गेलेली आहे.

मंडळी, आता आम्ही ज्यासाठी हा विषय घेतला ते सांगतो. सोळाव्या शतकात सेन नो रिक्यू नावाचा माणूस होऊन गेला. १५२२ चा जन्म. साकाई बंदरातल्या व्यापाऱ्याचा मुलगा. सरदार नव्हे, राजघराण्यातला नव्हे. त्याने चहाचा सगळा थाट काढून टाकला. त्याने बांधली असे मानली जाणारी 'ताइआन' ही खोली क्योतोजवळ यामाझाकीला आजही आहे. ती दोन चटयांची आहे. आपल्या चाळीतल्या खोलीपेक्षाही लहान. आत जायला दार नाही, एक चौकोनी भोक आहे, साधारण दोन फूट बाय दोन फूट. त्यातून गुडघे टेकून, डोके वाकवूनच आत जाता येते. सामुराई असो की व्यापारी, वाकावे सगळ्यांनाच लागते. तलवार बाहेर वळचणीला टांगून ठेवायची. आत गेल्यावर घट्ट चहा करतात, त्याला कोइचा म्हणतात. तो सगळ्या पाहुण्यांना मिळून एका वाडग्यात देतात. पहिला पाहुणा दोन-तीन घोट घेतो, कड पुसतो, दुसऱ्याला देतो. दुसरा त्याच वाडग्याला ओठ लावतो. मग तिसरा.

एका वाडग्याला सगळ्यांचे ओठ. आपल्या बापजाद्यांच्या कानाला हे कसे लागेल याचा विचार करा. गावच्या हॉटेलाबाहेर आपला कप वेगळा खुंटीला टांगलेला असे. आपणच काढायचा, वरून ओतलेला चहा घ्यायचा, पिऊन आपणच धुवून परत टांगायचा. १९२७ साली महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेण्यासाठी हजारो माणसांना चालत जावे लागले. आणि गिरणीतलेच सांगतो, कारण आजच्या पोरांना हे माहीत नसते. मुंबईच्या गिरण्यांत विणाई खात्याला पगार चांगला होता आणि तिथे अस्पृश्याला काम मिळत नसे. कारण काय? धोट्यातली कांडी बदलताना धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. ज्या धोट्याला महाराचे ओठ लागले त्याला दुसरा ओठ कसा लावणार? म्हणून आपली माणसे कमी पगाराच्या खात्यांत. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न युनियनच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला, की कामगारांची एकी म्हणता तर आधी विणाई खाते उघडा. आम्ही सूत कातणाऱ्यांतले. धागा सांधताना हा इतिहास आमच्या मनात येतो. त्यामुळे क्योतोच्या त्या दोन चटयांच्या खोलीत फिरणारा वाडगा वाचला तेव्हा आम्ही पुस्तक बाजूला ठेवून थोडा वेळ गप्प बसलो.

पण भारावून जाऊन सगळेच चांगले म्हणायची आमची सवय नाही. त्या खोलीत कोण जात होते? सरदार, व्यापारी, भिक्खू. त्याच रिक्यूचा धनी, जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी, याने १५८६ साली सोन्याने मढवलेली चहाची खोली राजवाड्यात नेऊन सम्राटाला चहा दिला. १५८७ साली क्योतोत कितानो येथे त्याने मोठा चहामेळा भरवला. फर्मान काढले की नोकर, गावकरी, शेतकरी कोणीही यावे, एक किटली, एक वाडगा आणावा, आणि ज्याच्याकडे चहा नसेल त्याने भाजलेल्या जवाचे पीठ आणले तरी चालेल. म्हणजे आपला सातूच. केवढी चांगली गोष्ट! मेळा दहा दिवसांचा ठरला होता, एका दिवसात गुंडाळला. आणि १५९१ साली याच हिदेयोशीने रिक्यूला पोट फाडून मरण्याचा हुकूम दिला. कारणे इतिहासकार अनेक सांगतात. हुकूम पाळला गेला, हे मात्र खरे.

जपानातही अस्पृश्यता होती हे आपल्यातल्या पुष्कळांना ठाऊक नाही. कातडी कमावणारे, मेलेली ढोरे ओढणारे, त्यांना 'एता' म्हणत. त्यांच्या वस्त्या वेगळ्या. आणि पश्चिम जपानात बांबूच्या वस्तू करून विकणारी एक जमात होती, लोक तिला 'चासेन' म्हणत आणि हलकी मानत. चासेन म्हणजे काय? माचा घुसळायची बांबूची रवी. बांबूची काडी चिरून चिरून तिचे शंभरेक तंतू करायचे, ते वाकवायचे, असे ते बारीक काम. सगळ्याच रव्या हे लोक करत होते असे नाही. नारा भागातल्या ताकायामा गावात घराण्यांना मान होता आणि आजही त्या गावाचे नाव आहे. पण या लोकांच्या हातची रवी विकत घेणारा त्यांना बरोबरीने बसवत नव्हता. आपल्याकडच्या बुरुडाचे सूप घरात चालते, तो उंबऱ्याबाहेर, तसलाच हा प्रकार. १८७१ साली जपान सरकारने कायद्याने ही विभागणी रद्द केली, मनातून गेली नाही, म्हणून १९२२ साली त्या लोकांनी क्योतोमध्येच 'सुइहेइशा' नावाची आपली संघटना काढली. ज्यांना त्या चहाच्या गावाचा अभिमान आहे त्यांनी ही दुसरी बाजूही सांगावी, एवढेच आमचे म्हणणे. २०२० च्या साथीनंतर एका वाडग्यातून पिणे तिथेही बऱ्याच ठिकाणी थांबले होते, वेगवेगळे वाडगे देत. ते रोगाच्या भीतीने, त्याला आमची हरकत नाही.

आता स्वयंपाकघर. महिला मंडळ कधीचे वाट पाहत आहे.

माचा आणि खाणे यांचा संबंध आजचा नाही. चहाआधी थोडेसे जेवण देतात, त्याला काइसेकी म्हणतात. त्या शब्दाचा अर्थ छातीशी धरलेला दगड. उपाशी भिक्खू गरम दगड पोटाशी धरून रात्र काढत, त्यावरून. भात, एक सार, दोन-तीन पदार्थ, बस. आणि चहाच्या आधी गोड. चहासोबत नव्हे, आधी. तोंड गोड असले की कडू घोट छान लागतो. त्या गोडात योकान नावाची वडी प्रसिद्ध आहे. तिची कथा ऐकण्यासारखी आहे. चिनी अक्षरांत योकान म्हणजे मेंढीच्या मटणाचा रस्सा! चीनमधून पदार्थ भिक्खूंबरोबर आला, पण जपानी विहारात मांस चालत नव्हते. म्हणून त्यांनी अझुकी नावाच्या बारीक लाल कडधान्याचे ते केले. पुढे साखर आली, समुद्री शेवाळाचे आगर आले, आणि मटणाच्या रश्श्याची मिठाईची वडी झाली. त्या अझुकीचे शिजवून, साखर घालून जे सारण करतात त्याला 'आन' म्हणतात, आणि ते आपल्या पुरणाचे सख्खे भावंड आहे, फक्त वेलची-जायफळ नाही. माचा आणि आन यांची जोडी जपानात सगळीकडे. उन्हाळ्यात बर्फ किसून त्यावर माचाचा पाक आणि बाजूला आन, त्याला उजी किन्तोकी म्हणतात. आपला बर्फाचा गोळा समजा, पण वरून पुरण.

तिखटामिठाचेही आहे. कुट्टूच्या पिठात माचा मळून शेवया करतात, त्या हिरव्या शेवयांना चासोबा म्हणतात. तेम्पुरा म्हणजे त्यांची भजी, ती रस्श्यात बुडवण्याऐवजी माचा मिसळलेल्या मिठाला लावून खातात. हे सर्वांत सोपे आणि स्वस्त. एक भाग माचा, दोन भाग बारीक कोरडे मीठ, खलून ठेवा. भोपळ्याच्या, वांग्याच्या भज्यांना फार चांगले लागते. तेलकटपणावर तुरटपणा बरोबर बसतो.

पुढे कंपन्या आल्या. १९९६ साली हागेन-दाझ कंपनीने जपानात हिरव्या चहाचे आइस्क्रीम काढले, २००४ साली किटकॅटही हिरवे झाले. केक, बिस्कीट, दुधातला माचा, सगळे त्यानंतर जगभर पसरले. जुने लोक नाके मुरडतात. आम्ही मुरडत नाही. पदार्थ लोकांच्या तोंडी गेला म्हणजे तो जगला. फक्त हिरव्या रंगाची साखर खाऊन आपण माचा खाल्ला असे कोणी समजू नये. पाकिटावर मागच्या बाजूला बारीक अक्षरात काय लिहिले आहे ते वाचायला शिका.

करण्याची रीत सांगतो. ही पूड उकळायची नाही, हे पहिले. उकळत्या पाण्याने ती कडूजहर होते. पाणी उकळून पाच-सात मिनिटे निववा, सत्तर-ऐंशी अंशांवर येऊ द्या. पूड आधी चहाच्या गाळणीतून चाळा, कारण हवेतला ओलावा धरून तिच्या गुठळ्या होतात. पिण्यासाठी दोन ग्रॅम म्हणजे एक सपाट छोटा चमचा, साठ-सत्तर मिलिलिटर पाणी, आणि बांबूच्या रवीने भराभर पुढे-मागे घुसळायचे, गोल नाही. फेस आला की झाले. रवी नसेल तर झाकणाची बाटली घेऊन खळखळ हलवा, विहारातल्या मुलांना हे काम आवडेल. माचा पाण्यात विरघळत नाही, नुसता तरंगतो, म्हणून घुसळल्यावर लगेच प्यायचा, ठेवला की गाळ तळाशी बसतो.

दुधात करायचा तर पिठल्याला बेसन कालवतो तसे आधी दोन चमचे कोमट पाण्यात पूड कालवून गुळगुळीत करा, मग गरम, पण उकळी नसलेले दूध ओता. दुधातली प्रथिने तुरटपणा धरून ठेवतात, त्यामुळे चव मऊ होते. आले, वेलची, मसाला घालू नका. घातलात तर मसाल्याचाच चहा झाला, मग महाग पूड कशाला? केक-बिस्किटाला शंभर ग्रॅम पिठामागे पाच ग्रॅम पुरे. सोडा बेताने, सोडा वाढला की रंग मळकट होतो. लिंबू आणि ताप एकत्र आले की हिरव्याचा शेवाळी होतो. पालकाची भाजी जास्त शिजली की होते तसेच, हरितद्रव्य तेच आहे. भट्टीत वरून करपू लागले तर झाकण घाला. खीर, बासुंदी यात घालायचीच असेल तर चुलीवरून उतरवून, कोमट झाल्यावर. वैशाख पौर्णिमेच्या खिरीत मात्र आमच्या मते काही घालू नये. दूध-तांदूळ पुरे.

औषध म्हणून घेऊ नका. बाजारात कर्करोगापासून लठ्ठपणापर्यंत सगळ्यावर माचा सांगतात. एवढे गुण असते तर जपानात दवाखाने बंद पडले असते. पान सगळे खाल्ले जाते म्हणून त्यातली द्रव्ये जास्त मिळतात हे खरे, पण चिमटीभर पुडीने आजार हटत नाही. उलट एक गोष्ट आपल्या वस्तीत महत्त्वाची आहे. चहातली तुरट द्रव्ये भाजी-डाळीतले लोह अंगी लागू देत नाहीत. आपल्या किती बहिणींचे रक्त कमी असते हे आरोग्य शिबिरात दरवर्षी दिसते. त्यांनी माचा काय आणि आपला रोजचा चहा काय, जेवणाला लागून घेऊ नये, एक-दीड तासाचे अंतर ठेवावे. गरोदर बाईने कॅफीनचा हिशेब धरावा, लहान मुलांना माचा देऊच नये, आणि रात्री ज्याला झोप हवी त्याने संध्याकाळनंतर शिवू नये. तिसऱ्या पाळीवाल्यांनी खुशाल घ्यावा.

खरेदीचे दोन शब्द. डब्यावर 'सेरेमोनियल' म्हणजे समारंभाचा आणि 'कलिनरी' म्हणजे स्वयंपाकाचा असे लिहिलेले असते. जपान सरकारने ठरवलेल्या या प्रती नाहीत, व्यापाऱ्यांचे शब्द आहेत. पहिल्या खुडणीचा पिण्याला, पुढच्या खुडणीचा स्वयंपाकाला, एवढे त्यात तथ्य. दुधात, केकमध्ये पहिल्या खुडणीचा घालणे म्हणजे बासमतीच्या कण्या करण्यासारखे आहे. उलट रंग पिवळट, वास गवतासारखा कोरडा असेल तर तो सावली न दिलेल्या साध्या हिरव्या चहाची भुकटी असू शकते. ती खाण्याला वाईट नाही, पण तिला माचाची किंमत देऊ नका.

किंमत का चढली तेही कामगारांनी समजून घ्यावे. जपानात तेन्चाचे उत्पादन २०१० ला दीड हजार टनांच्या आसपास होते, २०२३ ला चार हजार टनांच्या वर गेले. तरी २०२४ च्या शरद ऋतूत क्योतोच्या जुन्या दुकानांना एका गिऱ्हाइकाला किती डब्या द्यायच्या याची मर्यादा घालावी लागली. मागणी मोबाइलच्या वेगाने वाढते, झाड त्या वेगाने वाढत नाही. नव्या रोपाला खुडण्याजोगे व्हायला चार-पाच वर्षे लागतात. मळेवाले म्हातारे झाले, मुले शहरात गेली. जाती हळू फिरतात, आणि जाती करणारे, त्यांना टाकी घालणारे कारागीर थोडे उरले. हे सगळे ऐकून आम्हाला आपल्याकडचे हातमाग आठवले. वस्तूचे नाव जगभर गाजते आणि ती करणाऱ्याच्या मुलाला त्या धंद्यात राहावेसे वाटत नाही. दुकानात वाढलेल्या भावातले मळ्यात किती पोचते, हा प्रश्न चहा कुठलाही असो, आसामचा असो, विचारत राहिले पाहिजे.

राहिले साठवण्याचे. उजेड, हवा, ओलावा आणि उष्णता हे चार माचाचे वैरी. घट्ट झाकणाची, आतले दिसणार नाही अशी डबी घ्यायची, फ्रिजमध्ये ठेवायची. कांदा-लसणाजवळ नको, वास लगेच धरतो. फ्रिजमधून काढल्यावर डबी अर्धा तास तशीच बाहेर राहू द्या, मग उघडा, नाहीतर आत दव धरते आणि पुडीचा चिखल होतो. ओला चमचा घालू नका. उघडल्यापासून महिना-दीड महिन्यात संपवा. जुनी झाली, रंग उतरला, तर टाकून देऊ नका, मिठात मिसळा, भज्यांना लावा.

वेळ झाली आहे. कोणाला काही विचारायचे असेल तर आम्ही मागच्या बाजूला चटईवर बसलो आहोत. जय भीम, नमो बुद्धाय.